आवाज येतोय का?

रात्री साडेआठ वाजता आमच्या घरातले पंखे बंद होतात. मे महिन्यातसुद्धा. पंखा चालू असला की पदर उडतो आणि फोनच्या माइकमध्ये वादळ आल्यासारखा आवाज जातो. त्यानंतर कुकर लावायचा नाही, मिक्सर फिरवायचा नाही, फ्लश ओढायचा नाही आणि शिंक आलीच तर जिन्यात जाऊन शिंकायचं. सगळं सामसूम झालं की वहिनी टिकली चाचपतात, रिंगलाइटचं बटण दाबतात, व्याह्यांकडे बघून हसावं तसं फोनकडे बघून हसतात आणि म्हणतात, "नमस्कार ताईंनो! आवाज येतोय का? ज्यांना येतोय त्यांनी पटकन कमेंटमध्ये सांगा बरं."

आवाज येत असतो. खालच्या मजल्यावरसुद्धा येत असतो. पण त्या वेळी फोनच्या वरच्या कोपऱ्यात लाल चौकटीत 'लाइव्ह' असं लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी एक डोळा काढलेला असतो आणि डोळ्यापुढे आकडा असतो. शून्य.

माझ्या वहिनी फेसबुकवर लाइव्ह साड्या विकतात. नाशिकच्या सिडकोत, दोन खोल्यांच्या घरात, ज्या भिंतीवर पूर्वी दादाचं शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र होतं, तिथे आता सोनेरी पडदा आहे. 2020च्या टाळेबंदीत दादाचा पगार निम्म्यावर आला तेव्हा वहिनींनी माहेरच्या भिशीचे पैसे उचलले, उधारीवर सुरतेहून एक गठ्ठा मागवला आणि शेजारणीच्या मुलाला विचारून फोनवर 'लाइव्ह'चं बटण कुठे असतं ते शोधून काढलं. त्या काळात असं करणाऱ्या त्या काही एकट्या नव्हत्या. आता तर संध्याकाळी फेसबुक उघडलं की इचलकरंजीपासून डोंबिवलीपर्यंत बायका पदर पसरून उभ्या असतात. आपल्याला बघायची असते मित्राच्या मुलाच्या मुंजीची चित्रफीत, आणि तेवढ्यात कुणीतरी आपल्याला सांगतं, "ब्लाउज पीस रनिंग आहे बरं का ताई."

विक्रीची पद्धत साधी आहे. साडी दाखवायची, तिचा नंबर सांगायचा. बघणारीने स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपला पाठवायचा आणि 'अव्हेलेबल आहे का?' विचारायचं. 'आहे' असं उत्तर गेलं की तिने गुगल पे करायचं आणि पैसे भरल्याचाही स्क्रीनशॉट पाठवायचा. मग ती तीन दिवस 'पार्सल कुठंय?' विचारणार आणि वहिनी तीन दिवस 'निघालंय ताई' म्हणणार. फेसबुकने मध्यंतरी लाइव्हमधून खरेदी करण्याची खास सोय काढली होती. वस्तूंची यादी, बटणं, सगळा थाट होता. 1 ऑक्टोबर 2022 पासून कंपनीने ती बंद केली. जगभरच्या व्यापारी मासिकांनी तिचे मृत्युलेख लिहिले. वहिनींना आजतागायत ती सोय होती हेही ठाऊक नाही आणि गेली हेही नाही. त्या दिवशी त्यांच्या नऊ नारायणपेठ गेल्या होत्या.

या उद्योगात माझं पद 'मॉडरेटर' असं आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मला कुणी पद दिलं त्याला आता चार वर्षं झाली. काम असं, की आठ एकतीसला आतल्या खोलीत बसून स्वतःच्या फोनवरून लाइव्हला यायचं आणि लिहायचं, 'येतोय ताई, स्पष्ट येतोय.' सख्ख्या वहिनीला 'ताई' म्हणताना पहिले काही दिवस जीभ, म्हणजे बोट, अडखळलं. माझा फोटो काढून तिथे जास्वंदीचं फूल लावण्यात आलं आहे, कारण आडनाव एकच दिसलं तर घरचेच लोक बसवलेत असं वाटतं. (घरचेच असतात.) मी आलो की शून्याचा एक होतो. दादा कंपनीच्या बसमधून येतो, मग दोन. वहिनींनी स्वतःचं चित्र नीट दिसतंय की नाही हे बघायला जुना फोन टेबलावर उघडून ठेवलेला असतो, तो तिसरा. अशी सुरुवातीची प्रचंड गर्दी जमली की वहिनी म्हणतात, "चला, आता सगळ्या आल्यात, आपण सुरुवात करूया."

हे वाक्य त्या ज्या सुरात म्हणतात त्याचं मला राहून राहून नवल वाटतं. मी बँकेत बत्तीस वर्षं नोकरी केली. निरोप समारंभात समोर चाळीस ओळखीची माणसं, हातात लिहिलेला कागद, तरी माझ्या तोंडून 'आदरणीय' या शब्दापुढे काही फुटेना. आणि ही बाई बारावीनंतर थेट बोहल्यावर चढलेली, जावेच्या बारशालाही मागच्या रांगेत बसणारी, ती आपल्या नवऱ्याला, दिराला आणि एका जुन्या फोनला उद्देशून दोन तास बोलते, आणि त्यात एकदाही 'म्हणजे काय की' येत नाही.

एसटी स्टँडवर पूर्वी एक माणूस बसमध्ये चढायचा. लिंबू पिळायचं यंत्र, सुईत दोरा ओवायची पट्टी आणि दहा रुपयांत तीन कंगवे असा त्याचा व्यवसाय. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना तो चढणार, सगळ्या बसला 'माता-भगिनींनो' करणार आणि गाडी फाटकाबाहेर वळता वळता उडी मारून उतरणार. त्याच्या आत्मविश्वासाचं आम्हाला लहानपणी फार कौतुक होतं. आता कळतं की त्याचं काम त्या मानाने सोपं होतं. त्याला चेहरे दिसत होते. तिसऱ्या बाकावरच्या बाईची नजर कंगव्यावर थांबली, की तो तिच्याकडे वळून बोलायचा. आमच्या वहिनींना समोर दिसतो तो फक्त स्वतःचा चेहरा. दोन तास. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात, रिंगलाइटच्या उजेडात, चष्म्याच्या दोन्ही काचांत एक एक पांढरी बांगडी चमकत असताना. तुम्ही आरशासमोर दोन तास बसून स्वतःला साडी विकून बघा. मी दाढी करताना एकदा प्रयत्न केला. चौथ्या मिनिटाला मीच मला 'नको' म्हणालो.

आणि तो आकडा. बारा असतो, अकरा होतो. बस. कोण गेली? का गेली? आत्ताच किंमत सांगितली म्हणून? रंग आवडला नाही? की मुलाला भूक लागली? पंगतीतून एक माणूस ताटावरून उठून गेला आणि यजमानाला कारण कळलं नाही, तर त्याला रात्रभर झोप लागणार नाही. वहिनींच्या पंगतीतून दर मिनिटाला दोन माणसं उठतात आणि तीन बसतात, आणि तोंडावरचं हसू मुनियाच्या काठासारखं एकसारखं ठेवायचं असतं. एकदा ऐन लाइव्हमध्ये मला क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलीचा फोन आला आणि मी बाहेर फेकला गेलो. तीनचे दोन झाले. बाहेरच्या खोलीतून, अंजिरी सॉफ्ट सिल्कचं वर्णन चालू असताना, त्याच सुरात, त्याच हसऱ्या चेहऱ्याने वाक्य आलं, "बुट्टी बघा ताई किती भरगच्च आहे, पदराला गोंडे आहेत, भावजी तुम्ही गेलात का, आणि काठ कॉन्ट्रास्ट आहे."

ही विद्या आली कुठून, याचा शोध घेताना कळलं की हे असलं सुरुवातीला करणाऱ्यांत एक अमेरिकन मुलगा होता. जस्टिन कान त्याचं नाव. 2007च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने टोपीला कॅमेरा बांधला, पाठीवरच्या पिशवीत संगणक घातला आणि आपलं अख्खं आयुष्य चोवीस तास थेट दाखवायला सुरुवात केली. विकायला त्याच्याजवळ साडी नव्हती. काहीच नव्हतं. तो जेवायचा, लोक बघायचे. तो झोपायचा, लोक बघायचे. त्या उद्योगातून पुढे 2011 साली ट्विच निघालं, आणि 2014 मध्ये ॲमेझॉनने ते सुमारे 97 कोटी डॉलरना विकत घेतलं. मी हे वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "झोपलेला बघायचे? मग आपल्या दादांना लावू का एक दिवस?"

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, त्याच भिंतीच्या पलीकडे रात्री अकरानंतर लाइव्ह असतो. तो बंदुकीचा खेळ खेळतो आणि खेळता खेळता ओरडतो. त्याच्या आकड्याची मजल सातापर्यंत गेलेली आहे. त्याचा आत्मविश्वास वेगळ्या जातीचा आहे, कारण त्याने गठ्ठा उधारीवर आणलेला नाही.

हा गठ्ठ्याचा मुद्दा महत्त्वाचा. गेल्या वर्षी वहिनींचा धंदा महिनाभर बसला. रोज लाइव्ह, आणि एखादी साडी गेली तर गेली. वहिनी कोमेजल्या. तेव्हा दादाला कुठूनतरी एका कार्यशाळेचं पत्रक मिळालं. 'कॅमेऱ्यासमोरचा आत्मविश्वास : एका दिवसात'. फी 1,999 रुपये, दुपारचं जेवण धरून. वहिनींनी जेवण वगळून किती असं विचारलं, पण तसा दर नव्हता. सोबतीला मी गेलो.

एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर सत्तरेक माणसं होती. केक शिकवणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या, भविष्य सांगणारे, आणि एक गृहस्थ तर थेट गोठ्यातून म्हशी दाखवून विकणारे. ते सगळ्यांत निवांत होते. "म्हैस बघणारा म्हशीकडे बघतो, माझ्याकडे कोण बघतंय?" असं त्यांनी मला चहाच्या रांगेत सांगितलं. त्या दिवशी मी तिथे जे काही शिकलो ते या रांगेत.

प्रशिक्षक कोट घालून आले. सगळ्यांना उभं करून त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवायला लावले. पाय फाकवा, छाती पुढे, दोन मिनिटं असेच राहा, शरीरात आत्मविश्वासाची रसायनं तयार होतील, हे अमेरिकेत सिद्ध झालेलं आहे, असं म्हणाले. घरी येऊन मी शोधलं. हार्वर्डच्या एमी कडी यांनी हे 2012च्या एका व्याख्यानात जगाला सांगितलं, ते अफाट गाजलं. आधार होता 2010च्या एका शोधनिबंधाचा. पुढे इतरांनी तोच प्रयोग मोठ्या संख्येवर करून पाहिला तर रसायनं काही हलेनात, आणि 2016 मध्ये त्या निबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच जाहीर केलं की आपला आता या परिणामावर विश्वास उरलेला नाही. म्हणजे ज्या पोझवर तिच्या एका शोधिकेचाच विश्वास राहिलेला नाही, ती करून सत्तर माणसांनी स्वतःवर विश्वास ठेवायचा होता. वहिनी मात्र दोन मिनिटं मनापासून उभ्या राहिल्या. खाली बसल्यावर म्हणाल्या, "भावजी, हे तर पांडुरंगाचं उभं राहणं. त्याला अठ्ठावीस युगं झाली, आणि तो कुणाला लाइक करा, शेअर करा म्हणत नाही." मग थोडा विचार करून, "पण त्याचा आकडा आषाढीला बघा."

प्रशिक्षकांनी पुढे सांगितलं की रोज सकाळी आरशात बघून 'मी यशस्वी आहे' असं एकवीस वेळा म्हणा. म्हैसवाल्यांनी विचारलं की म्हशीलाही म्हणायला लावायचं का. हशा झाला, पण मला तो प्रश्न गंभीर वाटला. दुपारी जेवणात जिलबी होती. आणि संपूर्ण दिवसात, आत्मविश्वासावर एवढं बोलणाऱ्या त्या माणसाने, मी मोजलं म्हणून सांगतो, अकरा वेळा विचारलं, "मागच्यांना आवाज येतोय ना?"

त्या रात्री वहिनी लाइव्हला आल्या त्या आरशात न बघताच. मी विचारलं, कार्यशाळेचा उपयोग झाला का. त्या म्हणाल्या, "1,999 गेले ना. ते आता भरून काढायचेत." त्यांनी दिवाणाचं फळकूट उचलून दाखवलं. आत साठ साड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, घडीवर घडी. त्यातल्या चाळिसांचे पैसे सुरतेला द्यायचे राहिलेले. "हे उचललं की मला बोलता येतं," एवढंच त्या म्हणाल्या. कोट घातलेल्या माणसांनी आपल्या कार्यशाळेत एखादा दिवाण ठेवायला हरकत नाही.

आत्मविश्वास जास्त झाला तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे, आणि ते चीनमधलं आहे, जिथे हा धंदा आपल्यापेक्षा शंभर पावलं पुढे आहे. ली जियाची नावाचा मुलगा दुकानाच्या काउंटरवर लिपस्टिक विकायचा. लाइव्हवर आला आणि 2018 मध्ये त्याने पाच मिनिटांत 15,000 लिपस्टिक विकल्या. लोक त्याला लिपस्टिकचा राजा म्हणू लागले. सप्टेंबर 2023 मध्ये तो भुवया रंगवायची पेन्सिल विकत होता, किंमत 79 युआन, म्हणजे सुमारे 900 रुपये. कुणीतरी कमेंट टाकली की दिवसेंदिवस महाग होत चाललीये. यावर महाराज भडकले. महाग कुठाय, किती वर्षं हीच किंमत आहे, आपला पगार का वाढला नाही, आपण मेहनत करतो का, हे कधी स्वतःला विचारा, अशा अर्थाचं बोलून गेले. झालं! रातोरात लाखो लोक त्याला सोडून गेले आणि राजा कॅमेऱ्यासमोर रडत माफी मागू लागला.

मी ही गोष्ट वहिनींना सांगितली तेव्हा त्यांनी हातातली पिन खाली ठेवली. "असं बोलला? गिऱ्हाइकाला?" बराच वेळ त्यांना खरं वाटेना. आमच्या लाइव्हला गुलाबाच्या फुलाचा फोटो लावलेली एक बाई रोज येते. अडीच वर्षं येते. प्रत्येक साडीला 'किंमत?' विचारते, किंमत ऐकून 'जास्त आहे' लिहिते. आजवर रुमालसुद्धा घेतलेला नाही. मी एकदा मॉडरेटरच्या अधिकारात तिला काढून टाकायचं ठरवलं तर वहिनी माझ्यावर केवढ्या रागावल्या. "भावजी, ती रोज येते. पाऊस असो, सण असो. माझ्या बहिणी येत नाहीत." आणि त्या रात्री गुलाबाने 'जास्त आहे' लिहिल्यावर वहिनी हसून म्हणाल्या, "हो ना ताई, मलाही जास्तच वाटते. पण काठ बघा ना." हे वाक्य चीनच्या राजाला भाषांतर करून पाठवायला हवं होतं.

आता आईबद्दल सांगायला हवं.

आमची आई ब्याऐंशी वर्षांची आहे. लाइव्ह म्हणजे काय हे तिला कुणी समजावलेलं नव्हतं. सून रात्री फोनवर मैत्रिणींशी बोलते, इतकीच तिची समजूत. एका रात्री ती रक्तदाबाची गोळी शोधत सरळ सोनेरी पडद्यासमोर आली. वहिनींच्या हातात मोरपंखी सेमी पैठणी होती. (वहिनी 'सेमी' हा शब्द गिळत नाहीत, हे इथे नमूद करतो. येवल्याच्या हातमागावरची अस्सल पैठणी विणायला महिनेही लागतात, 2010 पासून तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि ती 1,250 रुपयांत मिळत नाही, हे त्या दर लाइव्हला न विचारता सांगतात.) आईने गोळी विसरून साडीचा काठ अंगठा आणि बोटाच्या मधे धरला, चुरगळला, सोडला आणि म्हणाली, "टोचेल गं हा काठ. केवढ्याला?"

"बाराशे पन्नास, आई," वहिनी म्हणाल्या. हसू जागच्या जागी.

"अगंबाई. आणि पाण्यात घातली की रंग सोडणार. ती खालची दाखव. ही बघ, ही बरी आहे. ही मऊ आहे. हिचे सातशे सांगितले तर मी देईन. ही पिवळी कुणासाठी आणलीस? अशी साडी नेसून माणूस हळदीच्या पोत्यासारखं दिसतं."

मी आतल्या खोलीत डोक्याला हात लावून बसलो. आणि आकडा? अडतीसचे एकसष्ट झाले. एकसष्टचे एकशे दहा. गुलाबाच्या फुलाने आयुष्यात पहिल्यांदा किंमत सोडून काही लिहिलं : 'आजींना विचारा हिरवी कशी आहे.' त्या रात्री आईने पास केलेल्या चौदाच्या चौदा साड्या गेल्या. पिवळीसुद्धा गेली, एकीच्या घरी हळद होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही मूर्खासारखं आईला सगळं सांगितलं. काल लोक बघत होते, फार आवडलं त्यांना, आज पुन्हा ये. आईने एकच प्रश्न विचारला. "किती जण होते?"

"दोनशे सहा."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या लग्नाला होते त्याहून जास्त." संध्याकाळी चार वाजल्यापासून तयारी सुरू झाली. नऊवारी निघाली, नथ निघाली, दातांची कवळी दोनदा धुऊन झाली. साडेआठला आई पडद्यासमोर खुर्चीवर बसली ती पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी. वहिनींनी पहिली साडी तिच्या हातात दिली. आई फोनकडे बघून म्हणाली, "नमस्कार. साडी चांगली आहे." दुसरी दिली. "ही पण चांगली आहे." अशा बारा साड्या चांगल्या निघाल्या. अधूनमधून ती ओठ न हलवता वहिनींना विचारायची, "किती झाले?" एकशे चाळीस होते ते ऐंशी झाले, ऐंशीचे बत्तीस. लाइव्ह संपल्यावर ती नथ काढत म्हणाली, "काल मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी बोलले. माहीत असतं तर तोंड उघडलं असतं का?"

चार दिवस ती पडद्याकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी आपण होऊन आली. चष्मा काढून कोनाड्यात ठेवला, खुर्चीवर बसली आणि वहिनींना म्हणाली, "आण ती जांभळी." चष्म्याशिवाय तिला फोन दिसत नाही, आकडा दिसत नाही, हातातला काठ तेवढा कळतो. मंगळवार-शुक्रवार ती येते आता. तिच्या मतांवर कुणाचाही इलाज नाही. परवा तिने दादाच्या लग्नातल्या शालूचीसुद्धा लक्तरं काढली, तीन हजार लोकांदेखत म्हणणार होतो, पण खोटं कशाला लिहू, एकशे बारा होते.

वहिनींना चष्म्याची युक्ती उपयोगी नाही. त्यांना कमेंट वाचाव्या लागतात. पण त्यांनी दुसरी काढली. लाइव्ह सुरू केलं की त्या कपाळावरच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक, मरून, मध्यम आकाराची टिकली काढतात आणि फोनच्या काचेवर, तो डोळा आणि त्यापुढचा आकडा असतो त्यावर, अंगठ्याने दाबून चिकटवतात. दोन तास आकडा टिकलीखाली. मला सक्त ताकीद आहे की आतून ओरडून सांगायचं नाही. लाइव्ह संपायच्या आधी त्या टिकली नखाने उचकटून बघतातच, पण तोवर साड्या दाखवून झालेल्या असतात. फोनची काच आता तिथे कायमची चिकट झाली आहे. पुतण्याला ही युक्ती सांगितली तर तो म्हणाला, "काका, माझ्याकडे टिकली नाहीये."

इतकं सगळं जमवल्यावरही एका गोष्टीला त्यांच्यापाशी उपाय नाही. टिकलीखाली आकडा झाकला जातो, पण पहिली तीस सेकंदं झाकली जात नाहीत. "आवाज येतोय का?" म्हटल्यापासून पहिली कमेंट येईपर्यंतचा तो वेळ. नेट सुरळीत असलं तरी बोललेलं पलीकडे पोचायला काही सेकंद जातात, पलीकडचीने वाचून लिहायला आणखी काही. त्या वेळात वहिनी पदराची टोकं जुळवतात, पुन्हा जुळवतात, घसा खाकरतात. हसू असतं, पण डोळे कमेंटच्या जागेवर असतात. मी आत आठ एकतीस वाजायची वाट न बघता आठ तीसलाच टाइप करून ठेवलेलं असतं आणि फक्त बाण दाबायचा असतो. तरी कधी कधी माझंही नेट जातं.

म्हणून एक विनंती आहे. रात्री जेवून झाल्यावर अंगठ्याने फोन सरकवत असताना एखादी बाई सोनेरी पडद्यासमोर साडी धरून उभी दिसेल, आणि डोळ्यापुढे तीन लिहिलेलं असेल, तर त्या तिघांत एक मी, एक दादा आणि एक जुना फोन आहे, असं समजा. साडी घेऊ नका. किंमतसुद्धा विचारू नका. फक्त 'येतोय' एवढं लिहा आणि खुशाल पुढे सरकवा.